कलम अकरा

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
मी करार लिहिते.
संशोधन मला कळत नाही, स्वल्पविराम कळतात;
एक हलला तर कुणाचं पेटंट कुणाच्या खिशात जातं
तेवढं कळतं.

कास्तेयोनबाहेरचा लाद्यांचा कारखाना
आणि आमचा सिरॅमिक विभाग,
मध्ये नऊ किलोमीटर संत्र्याच्या बागा
आणि कलम अकरा :
निष्कर्ष कधी छापायचे, कुणाला विचारून.
त्या एका कलमाला चौदा महिने लागले.
तेवढ्यात कंपनीच्या वकीलबाईंना मूल झालं,
त्याला दात आले,
आणि भट्टीतून उतरणाऱ्या निळ्या लाद्यांवर
टाचणीच्या टोकाएवढी भोकं
पडत राहिली.

प्राध्यापक ल्योरेन्स म्हणायचे, तीन वर्षं द्या.
भट्टीवरचे बातिस्त म्हणायचे, तीन आठवडे.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
एकाचं घड्याळ प्रबंधावर चालायचं,
दुसऱ्याचं बंदरात थांबलेल्या जहाजावर.
आणि नेउस, वय सव्वीस,
अर्धी शिष्यवृत्ती इकडची, अर्धी तिकडची,
गळ्यात दोन ओळखपत्रं
आणि जेवायला दोन्हीकडे पाहुणी.

करार झाला. दर महिन्याला बैठक.
कारखाना आणायचा निवडक लाद्या, सगळ्या बिनडागी.
विभाग दाखवायचा निवडक आलेख, सगळे चढते.
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
तेही दोघांनी, एकमेकांच्याच दारात.
मी इतिवृत्त लिहायचे :
'चर्चा समाधानकारक.'

नोव्हेंबरात एका रात्री पावणेअकराला फोन.
नेउस रात्रपाळीला थांबली होती,
कारखान्यामागच्या ढिगातली
फुकट गेलेली एक पेटी मागत होती.
बातिस्त देईनात.
किती माल वाया जातो, हे गुपित.
तिने मला विचारलं,
'कचरा गोपनीय आहे का?'

मी अंथरुणात बसून करार उघडला.
बेचाळीस पानं, सदतीस व्याख्या.
कचरा कुठेच नव्हता.
बातिस्तना फोन द्यायला सांगितला आणि म्हणाले,
'करारात नाही. नेऊ द्या.'
विज्ञानात माझी भर
एवढीच.

सकाळी बैठकीच्या टेबलावर पेटी,
पांढऱ्या टेबलावर निळी भुकटी,
आणि कुणी कुणाकडे बघेना.
मग ल्योरेन्स उठले,
खणातून एक वही काढून पेटीशेजारी ठेवली :
वर्षभराचे फसलेले प्रयोग,
पेन्सिलीने, तारखांसकट.

बातिस्तनी चष्मा लावला.
लाद्यांच्या पाठीवरचे शिक्के वाचत
पत्त्यांसारख्या त्या मांडत गेले,
आणि चौथ्या रांगेला थांबले.
'हा सोमवार,' म्हणाले. 'हाही सोमवारच.'
शनिवार-रविवार टाकीत पडून राहिलेली झिलई
आंबत होती,
आणि आगीत तिचे बुडबुडे फुटत होते.
वर्षभराच्या आलेखांत तापमान होतं, दाब होता,
वार कुणी मांडलाच नव्हता.

भोकं कमी झाली. थांबली नाहीत;
जुलैत मंगळवारीही दिसू लागली.
नेउसचा लेख कलम अकराप्रमाणे
नव्वद दिवस माझ्याच कपाटात होता.
त्या दिवसांत ती मला जिन्यात भेटली
तर खाली बघून जायची.
ते नव्वद मीच लिहिले होते.

आता नवा करार.
पहिल्याच पानावर मी घातलं,
'दोन्ही पक्ष पहिल्या बैठकीला
आपापला कचरा घेऊन येतील.'
वकीलबाईंनी समासात लाल शाईत विचारलंय :
'कचरा म्हणजे नक्की काय? व्याख्या द्यावी.'

दुपारभर तीन मसुदे खोडले.
शेवटी बातिस्तना फोन लावला.
भट्टीच्या घरघरीत अर्धंच ऐकू आलं :
'...येऊन बघा की.'

नऊ किलोमीटर.
एवढ्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते.
गाडीची किल्ली शोधतेय.